सात नंबरचा सर्व्हेवाला

३ फेब्रुवारी, सोमवार

झाली एकदाची नावनोंदणी! संख्याशास्त्राची डॉक्टरेट अर्धवट लोंबकळतेय आणि वर हे — आफ्रिका अभ्यासाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

नियम असे की स्वतःच्या विषयाबाहेरचे दोन कोर्स करायचे, तिथली एक भाषा शिकायची आणि शेवटी सगळ्यांसमोर एक निबंध वाचायचा. त्या निबंधावर दुसऱ्याच विषयातला कोणीतरी उठून बोलणार. म्हणजे ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याने मत द्यायचं. याला म्हणे आंतरविद्याशाखीय म्हणतात. आमच्याकडे याला भोचकपणा म्हणतात.

करतेय कशासाठी? सरांनी भरीला घातलं म्हणून. "तुझा सगळा डेटा तिकडचा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार — तिथे कधी गेला आहात का? मग काय सांगशील?" गेले नाही. जाणारही नाही. एकोणीसशे घरं माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत, तिथे जाऊन डास मारत बसायचं कारण काय? पण परीक्षकांच्या तोंडावर फेकायला एक कागद हवा. तो हा.

माझा प्रश्न एका ओळीचा आहे. गावात पाण्याचा पंप बसला की मुली शाळेत जास्त जातात का? टांझानियातला तळ्याकाठचा एक जिल्हा, बारा सर्व्हेवाले, घरटी एक फॉर्म. उत्तर 'हो' आलं की मी डॉक्टर. 'सांगता येत नाही' असं आलं की आणखी दोन वर्षं इथेच, याच खोलीत, याच गळक्या नळाखाली बादली लावून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला सेमिनार. नऊ माणसं, नऊ विषय, आणि एकेकाचा तोरा बघावा!

एक आरोग्यवाली आहे. दोन आठवडे जाऊन कुठल्याशा शाळेची भिंत रंगवून आली आणि चारशे फोटो घेऊन फिरते. प्रत्येक फोटोत ती मध्ये, मुलं बाजूला. हिचं नाव सफारी. एक इतिहासवाला आहे, त्याला काहीही विचारा, उत्तर वसाहतवाद. प्रिंटरमध्ये कागद अडकला तेव्हाही त्याने तेच कारण दिलं असतं, पण मी आधीच कागद ओढून काढला. एक इंजिनियर सौर दिवे लावून सगळं खंड उजळणार आहे. त्याच्या खोलीतला बल्ब महिनाभर गेलेला आहे, शेजारीच राहतो म्हणून माहीत.

आणि या सगळ्यांवर मॅडम. तीस वर्षं एका गावातल्या कुंभारांचा अभ्यास केलाय त्यांनी, तोही पार पश्चिम टोकाला. पण बोलतात अशा — "आफ्रिकेत लोक असा विचार करत नाहीत." अहो, चोपन्न देश आहेत! आमच्या जिन्यावरच्या चार घरांचं जिना कोणी झाडायचा यावर एकमत होत नाही.

मी वहीत त्यांनी किती वेळा 'गुंतागुंतीचं' म्हटलं ते मोजलं. सव्वीस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्वाहिलीचा दुसरा तास. शिकवायला कोण, तर ग्रंथालयातल्या बांधणीच्या खोलीतल्या बाई! दिवसभर फाटक्या पुस्तकांना डिंक लावायचा आणि संध्याकाळी आम्हाला भाषा शिकवायची. बोटांना अजून डिंक चिकटलेला असतो, खडू धरला की पांढरा थर बसतो. पन्नाशीच्या पुढच्या, तिकडच्याच, मोठ्या आवाजाच्या. वर्गात पाचच जण. त्यात वसाहतवाद पहिल्या बाकावर, वही-पेन-जीभ तिन्ही बाहेर काढून.

एक म्हणजे मोजा, दोन म्हणजे म्बिली, तीन म्हणजे ताटू. तास संपेपर्यंत हेच, बालवाडीसारखं तालावर! संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला कोणी दहापर्यंत आकडे शिकवतं का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्वाहिलीला दांडी. ताप आलाय असं कळवलं. ताप कसला, मॉडेल चालवत बसले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. प्रमाणपत्राचं सांगितलं. "अगं, एक ना धड भाराभर चिंध्या! आधी हातातलं पुरं कर ना." मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या देशाचं तू एकोणीसशे घरांवरून सांगणार? शितावरून भाताची परीक्षाच की ही." म्हटलं आई, माझं अख्खं शास्त्र तू एका म्हणीत बसवलंस, आता मला पदवी कशाला हवी! ती म्हणाली, तेच तर विचारतेय.

बाबा मागून ओरडत होते, "सिंह बघितलास का विचार तिला!" तेही सफारीच्या गटातले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं. 'सांगता येत नाही.'

तीनदा चालवलं. तीनदा तेच. चार वर्षं! चार वर्षं मी एका खुर्चीत बसून कंबर मोडून घेतली ती 'सांगता येत नाही' ऐकायला? रडले. चांगली मोठ्याने रडले, सौरवाल्याने भिंत ठोकली तरी थांबले नाही.

४ मार्च, मंगळवार

सापडला! सापडला चोर!

गेले चार दिवस सर्व्हेवाल्यांप्रमाणे बारा ढीग करून बघत होते. अकरा ढिगांत पंप आणि शाळा अगदी हातात हात घालून चालतात. एकट्या सात नंबरच्या ढिगात काही म्हणजे काही संबंध नाही. पंप आहे तरी मुली घरी. एकटा सात नंबर माझं सगळं उत्तर नासवत होता.

मग आकड्यांच्या फाइलमधल्या त्याच्या ओळी उघडल्या. प्रत्येक फॉर्मवर वर एक चौकोन असतो, मुलाखत कधी सुरू झाली ती वेळ. बाकीचे लिहितात ९:३०, ११:००, १४:१०. सरळ माणसांसारखं. आणि सात नंबर काय लिहितो? १:१०. २:१५. ३:४०. रात्री सव्वादोनला हा महाभाग शेतकऱ्याचं दार वाजवून विचारतो, "काय हो, पाणी कुठून आणता?" पहाटे चारला दुसरं घर. सकाळी अकराच्या पुढे एकही भेट नाही! दमत असेल बिचारा. रात्रभर हिंडून दुपारी झोपत असेल घुबडासारखा.

घरी बसून फॉर्म खरडले, दुसरं काय. आणि खोटं बोलायलाही अक्कल लागते. वेळ टाकायची तर निदान उजेडातली टाक ना बाबा! मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. आता रडण्याचं सगळं उसनं फिटलं.

६ मार्च, गुरुवार

घुबडाचे एकशे चौसष्ट फॉर्म बाहेर काढले. उत्तर — हो! खणखणीत हो!

सर खुर्चीतून उठले. चार वर्षांत पहिल्यांदा. "हे नुसतं तुझं दुसरं प्रकरण नाही, हा स्वतंत्र निबंध आहे. खोटा सर्व्हेवाला कसा ओळखावा." शीर्षकही त्यांनीच दिलं — 'रात्रपाळीचा सर्व्हेवाला'. तोच निबंध आफ्रिकेच्या सेमिनारला वाचायचा. एका दगडात दोन पक्षी. त्यातला एक घुबड.

११ मार्च, मंगळवार

सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला पत्र पाठवलं. सोबत आलेख — गोल घड्याळ, त्यावर सात नंबरच्या भेटी काळ्या ठिपक्यांनी. अर्धे ठिपके अंधारात. फार सुरेख दिसतं. शेवटी लिहिलं, "या व्यक्तीने भरलेली कोणतीही माहिती विश्वासार्ह मानू नये." हे वाक्य लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू.

१४ मार्च, शुक्रवार

संस्थेचं उत्तर तीन दिवसांत! आभार मानलेत. पुढच्या महिन्यात सर्वेक्षणाची नवी फेरी सुरू होतेय. सात नंबरला त्या फेरीत जिल्ह्याचा पर्यवेक्षक करायचं ठरलं होतं. "आपल्या पत्रामुळे ते नाव वगळण्यात आले आहे, व त्यांना पुन्हा काम देण्यात येणार नाही."

बघा! अशा माणसाला पर्यवेक्षक करणार होते! कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. आईला फोन करून सांगितलं. "चोर पकडलास होय?" म्हणाली, आणि लगेच शेजारच्या काकूंना हाक मारली.

१८ मार्च, मंगळवार

आज स्वाहिलीची तोंडी परीक्षा.

जसं झालं तसं लिहिते.

बाई बांधणीच्या खोलीतच परीक्षा घेत होत्या. सगळीकडे दाबाखाली ठेवलेली पुस्तकं. मला बसायला एक स्टूल. नाव, गाव, घरी कोण कोण, सगळं विचारलं. जमलं. मग विचारलं, "मी सकाळी ग्रंथालय उघडते तेव्हा किती वाजलेले असतात?" ग्रंथालय आठला उघडतं. मी म्हटलं नाने. आठ.

बाई हसल्या. "दोन."

"दोन?"

"सा म्बिली. दोन वाजता. सूर्य उगवला की दिवस सुरू, तिथून मोजायचं. उगवून एक तास झाला की एक वाजला. तुमचे सात ते आमचे एक, तुमचे आठ ते आमचे दोन. आमच्याकडे बारा महिने सूर्य एकाच सुमाराला उगवतो, मोजायला सोपं. तुम्ही लोक मध्यरात्री दिवस सुरू करता, ही कुठली रीत? तेव्हा तर सगळे झोपलेले असतात!"

मी बोटांवर मोजायला लागले. त्यांना वाटलं, मला मार्कांची काळजी वाटतेय. "असू दे. हे तेरा तारखेच्या तासाला झालं होतं. तुला ताप होता ना? बरा झाला?"

बरा झाला म्हणाले. चाळीसपैकी एकोणतीस दिले त्यांनी. बाहेर वसाहतवाद उभा होता. "घड्याळाचा प्रश्न आला का? मला आला, सोप्पा होता."

१९ मार्च, बुधवार

प्रत्येक वेळेत सहा मिळवले. एकशे चौसष्ट फॉर्म.

पहिली भेट सकाळी सात दहा. शेवटची संध्याकाळी पाच. दुपारी बाराच्या सुमाराला खाडा, जेवायला थांबत असणार. दोन घरांमध्ये वीस मिनिटं, पुढच्या गावाला जायचं असेल तेव्हा तास-दीड तास. पायी जाणाऱ्या माणसाच्या वेळा आहेत या. घरी बसून कोणी इतकं बारीक खोटं लिहीत नाही.

लोक त्याला वेळ सांगतात तशी त्याने लिहिली. बास. एवढाच त्याचा गुन्हा.

आणि मी त्याला घुबड म्हटलं. 'कोणतीही माहिती विश्वासार्ह मानू नये.' मजा आली होती नाही का!

२० मार्च, गुरुवार

कोणालाही सांगितलेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

अजून नाही. सरांच्या दारापर्यंत जाऊन आले. आत ते कोणाला तरी फोनवर सांगत होते, "माझ्या विद्यार्थिनीने काय पकडलंय माहितीय—" परत फिरले.

सांगितलं तर सात नंबर आत येणार, 'हो' जाणार, दोन वर्षं जाणार. नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? तो माणूस तिकडे. त्याला माझं नाव माहीत नाही, मला त्याचं नाही. त्याला एवढंच सांगितलं असेल की तुझं काम गेलं. का गेलं हेही सांगितलं असेल की नाही कोण जाणे. घरी काय सांगितलं असेल त्याने?

स्वतःला विचारलं, तू एवढी हुशार ना? दहापर्यंतचे आकडे येतात म्हणून तास बुडवलास! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा बैल तर पार दावं तोडून गेलाय.

२५ मार्च, मंगळवार

आज सेमिनारला निबंध वाचला. जसाच्या तसा. रात्रपाळीचा सर्व्हेवाला.

हो, माहीत असून वाचला. स्वतःशी ठरवलं होतं की इथे नऊ आफ्रिकातज्ज्ञ बसलेत, कोणीतरी हात वर करेल. कोणीतरी म्हणेल, अगं बाई, हे घड्याळ उलटं वाचलंस! मग मी म्हणणार, अरेच्चा. आणि सगळं आपोआप बाहेर येईल, मला काही करावं लागणार नाही. किती भित्री योजना, आता लिहितानाही लाज वाटते.

आलेख पडद्यावर. काळे ठिपके. खोलीत हशा. मॅडम तर डोळे पुसायला लागल्या. माझ्या निबंधावर बोलायला नेमका वसाहतवाद उठला. म्हटलं, आला! याला तर प्रश्न आला होता, याने तर अचूक उत्तर दिलं होतं. आठवड्याभरापूर्वी! त्याने घसा साफ केला. म्हणाला, आकडे हे मुळात सत्तेचं हत्यार असतं आणि खोटी माहिती भरणं हा सर्व्हेवाल्याचा मूक प्रतिकार म्हणून वाचता येईल. दहा मिनिटं बोलला. पडद्यावरच्या घड्याळाकडे पाठ करून.

सफारीने विचारलं, फोटो आहेत का. सौरवाला म्हणाला, दिवे असते तर रात्री काम करणं शक्य झालं असतं. मॅडमनी समारोप केला. गुंतागुंतीचं आहे म्हणाल्या. मग टाळ्या.

एकालाही कळलं नाही! नऊ पदव्या, चार भाषा, एक प्रमाणपत्र. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की हातातले कागद फेकून द्यावेसे वाटले. आणि सगळ्यांत अडाणी कोण? ज्यांना माहीत नव्हतं ते बरे. मला माहीत होतं.

'अ' श्रेणी मिळाली.

३० मार्च, रविवार

आई म्हणाली, "काकू विचारत होत्या, तो चोर तुरुंगात गेला का?" फोन ठेवून दिला. पुन्हा लावून सॉरी म्हटलं. मग सगळं सांगितलं, घड्याळासकट. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांवर ऑफिसात एकदा असाच आळ आला होता. सहा महिने घरी होते. तू लहान होतीस." मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. मग काय झालं विचारलं. "ज्याने केलं होतं त्याने येऊन सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं."

१ एप्रिल, मंगळवार

बाईंकडे गेले. बांधणीच्या खोलीत, तास सुरू व्हायच्या आधी. तापाचं खोटं होतं इथपासून सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी हातातला ब्रश पाण्यात ठेवला आणि म्हणाल्या, "त्या माणसाचे कागद आणलेस का?"

मूळ फॉर्मचे स्कॅन होते लॅपटॉपमध्ये. मी ते कधी उघडलेच नव्हते. आकड्यांची फाइल तयार मिळाली होती, कागद कोण बघतो? प्रत्येक फॉर्मच्या तळाशी शेऱ्याला दोन ओळी असतात. स्वाहिलीत लिहिलेलं. माझ्या मॉडेलमध्ये मजकूर बसत नाही म्हणून तो रकाना मी पहिल्याच दिवशी उडवला होता.

बाई चष्मा लावून वाचायला लागल्या. "पाम्पू म्बोवू. पंप बिघडलेला. पुढचा — पाम्पू म्बोवू. पुढचा — पंप आहे, दांडा नाही. हा बघ, काय लिहितो. पंप आहे पण किल्ली मुखियाकडे, मुखिया गावाला गेलाय. मोठी मुलगी दोन तास चालून पाणी आणते, म्हणून शाळा नाही." वाचता वाचता मान डोलवत होत्या. "नीट बघतो हा माणूस. अक्षरही बरं आहे."

म्हणजे त्याच्या ढिगात पंप असूनही मुली घरी होत्या त्याचं कारण त्याने तिथेच लिहून ठेवलं होतं. दोन ओळींत. मला चार वर्षांत दिसलं नाही.

बाकीच्या अकरांचे शेरे बघितले. बहुतेक कोरे. नाहीतर 'सर्व ठीक'. बाईंनी चष्मा काढला. "न भेटलेल्या घरांचे कागद असतील ना? कारण लिहायला वेगळा कागद असतो," एवढंच म्हणाल्या. आहेत. ते मी 'रिकामे' म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले होते. पुढच्या गुरुवारी बसू म्हणाल्या.

२ एप्रिल, बुधवार

संस्थेला पत्र लिहिलं. 'माझी चूक झाली' असं सरळ. आलेख पुन्हा काढला, सहा तास मिळवून. सात नंबरचं नाव परत घ्यावं, त्यांच्यापर्यंत माझी माफी पोचवावी. चार मसुदे फाडले. पहिल्यांदा असं पत्र लिहिलंय ज्यात मला एकही टोमणा सुचला नाही.

मग सर. ऐकून घेतलं. खिडकीकडे बघत बसले. "सातला आत घेतलं तर तुझं उत्तर जातं." म्हटलं, हो. "हे दुसरं कोणाला माहीत आहे?" म्हटलं, आता संस्थेला आहे. त्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. मग म्हणाले, "ठीक आहे. सातला वेगळा दाखव. बाकीचे अकरा तर शाबूत आहेत ना? सतराशे घरं आहेत. त्यांच्या जिवावर उभं राहील प्रकरण. थोडं लंगडं, पण राहील." मॅडमनाही कळवलं. त्यांनी दोन शब्दांचं उत्तर पाठवलं, 'फारच रोचक'.

जीवात जीव आला, खरं सांगते. अकरा आहेत. लंगडत का होईना.

७ एप्रिल, सोमवार

संस्थेचं उत्तर. खुलाशाबद्दल आभार. परंतु पर्यवेक्षकाची नेमणूक आधीच झालेली आहे. ती चार नंबरला दिली, कारण "त्यांचे फॉर्म पहिल्यापासून सर्वांत पूर्ण व नीटनेटके असून एकही घर भेटीविना राहिलेले नाही." सात नंबरचा विचार पुढील फेरीत, जागा असल्यास.

जागा असल्यास! वर माफीबद्दल एक अक्षर नाही. दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. मला त्याचं नाव द्या, मी स्वतः त्याला लिहिते. म्हणे नावं गोपनीय असतात. वगळायला बरं नाव सापडलं होतं!

१० एप्रिल, गुरुवार

बाईंबरोबर न भेटलेल्या घरांचे कागद वाचले. सात नंबरचे एकतीस. सगळ्यांवर एकच कारण, प्रत्येक कागदावर नव्याने लिहिलेलं. हाकुना दाराजा. पूल नाही. नदीला पूर आला, पूल वाहून गेला, पलीकडच्या गावांना जाता आलं नाही. संस्थेच्या जुन्या अहवालात तारखा सापडल्या. एकोणीस दिवस पूल नव्हता, होडीही बंद होती.

मग त्याच एकोणीस दिवसांतले, नदीपलीकडच्या त्याच गावांतले बाकीच्यांचे फॉर्म काढले. चार नंबरचे एकसष्ट आहेत. नऊ नंबरचे चाळीस. दोनचे, अकराचे, पाचचेही आहेत. एकूण एक पूर्ण भरलेले. सगळे पंप चालू. सगळ्या मुली शाळेत.